चढापेक्षा हळू उतार

डॉक्टर प्रश्न विचारतात, पण उत्तराची वाट बघत नाहीत. ते दातांचे डॉक्टर. गेली तीस वर्षं त्यांनी प्रश्न विचारले ते आ वासून पडलेल्या माणसांना, त्यामुळे उत्तर येत नसतं हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ते म्हणाले, "या खेपेला बेटाचा सगळा बेत हिलाच आखू दे, काय? शास्त्र शिकलेली आहे, घरात आहे, तरुण आहे, काय?" मी "नाही, म्हणजे..." म्हणेपर्यंत ते हॉटेलातल्या उशांवर पोचले होते. अशा रीतीने ते काम माझ्याकडे आलं.

दर हिवाळ्यात आमच्या गावचे रस्ते गोठले, की चार माणसं आपापल्या सायकली खोक्यात भरून नऊ दिवसांसाठी एखाद्या उबदार बेटावर जातात आणि तिथे दिवसभर सायकल चालवतात. यात मजा काय, असं आईने पहिल्या वर्षी विचारलं होतं. "तिथे गार नसतं," असं बाबांनी सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात या विषयावर चर्चा झालेली नाही.

या चौघांत डॉक्टर हे स्वतःला पुढारी समजतात. पोहणं शिकवून निवृत्त झालेल्या बाई खऱ्या पुढारी आहेत, कारण शिट्टी त्यांच्या गळ्यात असते. चष्मेकाकांचं बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. ते आणि बाबा शाळेपासूनचे मित्र. आणि चौथे बाबा. ते आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होते आणि ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. ऑगस्टपासून त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग शेजारच्यांच्या, मग आईच्या शिलाई मशीनला तीनदा. आई घरी पडदे शिवते. तिसऱ्या तेलानंतर एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यावर डाग पडला, तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांना त्या बेटावर पाठव. नाहीतर मी जाते."

बेट या वेळी नवीन होतं, डॉक्टरांनी निवडलेलं. मधोमध एक डोंगर, त्यावर बावीस किलोमीटरचा रस्ता, अकराशे पन्नास मीटर चढ, एक्केचाळीस वळणं. वर गेलं की चारी बाजूंना समुद्र. मी औषधांच्या फ्रिजमधले तापमापक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. खरे दोन अंश आणि तापमापकाने सांगितलेले दोन अंश यांतला फरक लिहून ठेवणं हा माझा दिवसभराचा उद्योग आहे. त्यामुळे मी बेताला तक्त्यापासून सुरुवात केली. रोजचं अंतर, चढ, वाऱ्याची दिशा, पाणी भरायच्या जागा. तिसऱ्या संध्याकाळी तक्ता घेऊन बाबांकडे गेले. ते स्वयंपाकघरात टोस्टरचं झाकण काढून बसले होते.

"छान केलंयस," ते म्हणाले. "तक्त्यातून मला वगळ. मी येत नाहीये."

आईच्या हातातली कात्री थांबली. "का हो?"

"गुडघा."

"कुठला?"

बाबांनी टोस्टरकडे बघतच डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. मी बर्फाची पिशवी आणून दिली. ती त्यांनी उजव्यावर ठेवली.

*

बाबांच्या हँडलवर एक छोटं यंत्र आहे. ते दर सेकंदाला वेग, उंची आणि जागा नोंदवून ठेवतं. बाबांनी ती नोंद कधी उघडून बघितलेली नाही. त्यांच्या लेखी ते एक महागडं घड्याळ आहे. मी उघडली. गुडघा दुखत असेल तर चढावर दिसायला हवा होता.

हे चौघं दर शनिवारी गावामागच्या पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जातात. चढ दोन किलोमीटर चारशे मीटर. बाबांचा चढावरचा वेग गेली तीन वर्षं ताशी तेरा किलोमीटर होता आणि आजही तेराच होता. गुडघे ठणठणीत होते, दोन्ही. गडबड दुसरीकडे होती. उतारावर ते सप्टेंबरपर्यंत ताशी एक्केचाळीसने येत होते. सप्टेंबरपासून बाराने. माझे वडील चढापेक्षा उतारावर हळू जात होते.

मी आलेख काढला आणि त्याच्या खाली वहीत लिहिलं: बाबांना उताराची भीती वाटू लागली आहे.

मला फार वाईट वाटलं. हा माणूस उंच इमारतींच्या लिफ्टच्या विहिरीत, वरपासून खालपर्यंतच्या त्या पोकळीत, दोराला लटकून डबा खायचा. अशा माणसाने मित्रांना "मला भीती वाटते" हे कसं सांगायचं? आणि नऊ दिवस ते तिघं तिकडे, हे इकडे टोस्टरपाशी, हे चित्र मला बघवेना. म्हणून मी ठरवलं, की बाबांना न दुखवता, कुणालाही न कळता, बेतातून उतारच काढून टाकायचे.

भौतिकशास्त्राला हे मान्य नाही. जिथून निघालो तिथे परत यायचं असेल तर जितकं चढावं तितकं उतरावं लागतं. पळवाट एकच, उतरताना सायकलवर नसणं. शोधता शोधता सापडलं, की त्या डोंगरमाथ्यावरून दुपारी साडेतीनला एक बस खाली येते आणि तिच्या मागे सायकली टांगायची सोय आहे. बाकीच्या दिवशीही अशाच बस निघाल्या. मी नव्याने तक्ता केला. नऊ दिवस नुसते चढ. अभिमान वाटावा असा तक्ता होता.

*

रविवारी चौघं जमले. मी भिंतीवर तक्ता लावला. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे काय आहे?"

"लांब उतारावर ब्रेक तापतात," मी पाठ केलेलं बोलायला लागले. "एका माणसाला सायकलसकट अकराशे पन्नास मीटर खाली आणायचं, तर ब्रेकमध्ये इतकी उष्णता तयार होते, की अडीच लिटर पाण्याला उकळी फुटेल."

"मग चहा करू!" डॉक्टर ओरडले. "मी बावीस किलोमीटर घाम गाळत वर जाणार आणि खाली बसमधून येणार? शाळेच्या सहलीसारखा? अहो, माणूस वर कशाला जातो? खाली यायला जातो, काय?"

"मुलीचं बरोबर आहे," चष्मेकाका एकदम म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. चष्मेकाका एरवी बेतांत पडत नाहीत, खातात.

"उतारावर कष्ट कुठे असतात? नुसतं बसायचं. व्यायामाच्या दृष्टीने शून्य."

"तू बोलतोयस हे?" डॉक्टर म्हणाले. "गेल्या वर्षी उतारावर हात सोडून गाणी म्हणत होतास!"

"आवाज बसलाय."

"आवाज बसला म्हणून बसने यायचं?"

"मी तसाही येत नाहीये," बाबा म्हणाले. "गुडघा."

"तो येत नसेल तर मीही नाही," चष्मेकाका लगेच म्हणाले, इतक्या लगेच की बाबांचं वाक्य जेमतेम संपलं होतं.

मग सगळे एकदम बोलायला लागले आणि बाईंनी शिट्टी वाजवली. आमच्या जेवणघरात ती शिट्टी वाजली की कपाटातले पेले किणकिणतात. "दोन आठवड्यांनी रविवारी अखेरचं ठरवायचं," बाई म्हणाल्या. "हॉटेलवाल्याला त्याच्या दुसऱ्या दिवशी माणसांचा आकडा कळवायचाय. चार, नाहीतर दोन."

"दोघांचा कसला गट," डॉक्टर कोट घालता घालता म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मग मी दुसरीकडे कुठेतरी बघतो. काय?" या वेळी ते उत्तरासाठी थांबले, पण कुणी दिलं नाही.

सगळे गेल्यावर बाबा माझ्याकडे रागाने बघत होते. मला काही कळेना. मी त्यांचीच तर बाजू घेतली होती.

*

एखादी गोष्ट कळली नाही तर जागेवर जाऊन मोजायचं, असं आमच्या प्रयोगशाळेत शिकवतात. शनिवारी सकाळी मी टेकडीच्या तिसऱ्या वळणावर कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागे जाऊन उभी राहिले. हातात घड्याळ, खिशात वही. आधी डॉक्टर सुसाट खाली गेले. मागोमाग बाई, ताठ बसून, एखाद्या राणीसारख्या. त्यानंतर बराच वेळ कुणीच नाही. मग वरून बाबांचा आवाज आला.

"खड्डा, डावीकडे! ... पानं, ओली, मधोमध! ... आता उजवं वळण. अजून नाही. अजून नाही. आता!"

बाबा वळणावर दिसले. त्यांच्या सायकलच्या मागे दोन तांबडे दिवे लुकलुकत होते, पाठीवर तिसरा. त्या दिव्यांवर नजर खिळवून, बरोब्बर तीन हात मागे, मान पुढे काढून चष्मेकाका येत होते.

"समोरून गाडी! निळी!"

"निळी कशाला सांगतोस? रंगवायचीय का मला?"

"गप. खड्डा."

ते दोघं माझ्या समोरून ताशी बाराने गेले. मी घड्याळ बंद करायला विसरले. आलेख बरोबर होता. त्याच्या खाली मी नाव चुकीच्या माणसाचं लिहिलं होतं.

बाबा घरी आले तेव्हा मी अंगणात वाट बघत होते. ते साखळी पुसायला बसले. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला उताराची भीती वाटते असं मी लिहिलं होतं."

"कुठे लिहिलंस?"

"वहीत."

"खोडून टाक."

"किती दिसतं काकांना?"

बाबांनी फडकं उलटं केलं. "मला कसं कळणार? त्याने सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही."

"इतक्या वर्षांचे मित्र तुम्ही! का नाही विचारलंत?"

"अगं, तो चष्मे विकतो," बाबा म्हणाले. त्यांच्या मते यात सगळं आलं होतं. थोड्या वेळाने आणखी बोलले. "सप्टेंबरात त्याने सायकल सरळ रस्त्याच्या मधल्या कठड्यावर घातली. म्हणाला, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. वारा नव्हता. तेव्हापासून मी पुढे राहतो आणि बडबडतो. इथे जमतं. तिथे बावीस किलोमीटर, एक्केचाळीस वळणं, खाली दरी. तिथे माझ्या ओरडण्यावर तो जगणार का? मी नाही म्हटलं की तोही नाही म्हणतो. त्याला कारण मिळतं. कुणाला काही सांगायला नको. आणि तू सगळ्यांसमोर नेमका उताराचाच विषय काढलास."

"आणि तुम्ही?"

"मी काय. त्या पाण्याच्या टाकीच्या दाराची बिजागरी फार वाजते."

हे ते हसून म्हणाले असते तर मला इतकं लागलं नसतं.

*

मी बाईंकडे गेले, कारण बाईंनी चाळीस वर्षं बुडणारी माणसं बाहेर काढली आहेत आणि त्या कशानेच दचकत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि किल्ल्या घेतल्या.

"त्यात काय एवढं. एका सायकलवर दोघांना बसव."

गॅरेजमध्ये घोंगडीखाली दोन माणसांची सायकल होती. दोन गाद्या, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या, पण वळवायचं आणि थांबवायचं काम फक्त पुढच्याकडे.

"आमचे हे मागे बसायचे," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं मी समजत होते की या भागात नुसते चढच आहेत. एकदा मागे वळून बघितलं तर पाय दांड्यावर टेकवून सफरचंद खात होते. ने. मागची गादी मात्र बदल, ती त्यांच्या आकाराची झालीय." त्यांनी घोंगडीची व्यवस्थित चौकोनी घडी घातली आणि ती बराच वेळ हातातच ठेवली.

आता उरलं ते अवघड काम. बाबा विचारणार नव्हते, काका सांगणार नव्हते. आणि वर काका दर महिन्याला स्वतःचे डोळे स्वतःच तपासून "अजून शेवटची ओळ वाचतो" असं सगळ्यांना ऐकवत. मला यात एक साधी चूक दिसत होती. आमच्याकडे तापमापक त्याच्याच आकड्यांवरून तपासला तर नोकरी जाईल.

मी प्रयोगशाळेतल्या प्रिंटरवर काकांच्या दुकानातल्यासारखी अक्षरांची पाटी छापली. ओळींची उंची मापून घेतली, अक्षरं मात्र वेगळी. मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानात गेले आणि माझे डोळे तपासायला सांगितले. काका भिंगांची पेटी आणायला आत गेले तेवढ्यात मी त्यांच्या पाटीवर माझी पाटी अडकवली.

"काका, आधी तुम्ही वाचून दाखवा ना. अंतर बरोबर आहे का, ते कळेल मला."

काकांना असल्या गोष्टींत उत्साह फार. ते खुणेच्या रेघेवर टाचा जुळवून उभे राहिले, डावा डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शेवटची ओळ. प, ल, ट, र, फ, म." मग उजवा डोळा झाकला. "म, फ, र, ट, ल, प. उलटी वाचली. बोल!"

मी काही बोलले नाही. तशी ओळ तिथे नव्हतीच.

भिंतीवरचे दोनशे चष्मे आमच्याकडे बघत होते. "काय लावलंयस तिथे?" त्यांनी हळूच विचारलं.

"जवळ जाऊन बघा."

ते गेले. एक पाऊल, दोन, पाच. शेवटी पाटीला नाक लावून, मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने वाचायला लागले. वरचं मोठं अक्षर, मग त्याखालची ओळ, मग त्याखालची. मी ते वाक्य ओळी मोडून लिहिलं होतं: उतार बाबांच्या मागच्या गादीवर बसून करायचा का?

"शुद्धलेखन बरं आहे," काका म्हणाले. मग स्टुलावर बसले. "तुझ्या बापाला माहीत आहे?"

"तुम्ही सांगितलं नाहीत. त्यांनी विचारलं नाही."

"मला वाटलं, निवृत्त झाल्यापासून बडबड्या झालाय. उताराला घाबरतो बिचारा, आणि भीती घालवायला बोलत राहतो. म्हटलं, आपण त्याच्या मागे राहावं, सोबत म्हणून."

"सोबत म्हणून?"

"हो."

"आणि काका, तुम्हाला रस्ता दिसतो?"

"न दिसायला काय झालं? तो सांगतोच ना, खड्डा कुठे आहे ते."

हे बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी समोरच्या पेटीतलं एक भिंग उचलून रुमालाने पुसलं, परत ठेवलं, तेच पुन्हा उचललं. "मधोमध धुकं आहे," ते म्हणाले. "कडेने चांगलं दिसतं. गिऱ्हाइकाचा चेहरा सोडून बाकीचं सगळं दिसतं. हे बाहेर कळलं तर माझ्याकडून चष्मा कोण घेईल?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात?"

"मी लोकांना पाठवतो."

काकांनी शेवटी बाबांना सांगितलं आणि गुरुवारी बाबा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाबा मला नंतर एवढंच म्हणाले, की एका डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे, दुसऱ्यावर सुरुवात. दर महिन्याला डोळ्यात औषधाची सुई टोचायची. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल. एकट्याने उतारावर जायचं नाही. मागे बसायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या; मात्र पुढचा माणूस भरवशाचा हवा. "तिने माझ्याकडे बघितलं," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

*

बाबांनी ती जोडसायकल आधी ताब्यात घेतली आणि दोन दिवस तिला लिफ्टसारखं वागवलं. ब्रेकच्या तारा नव्या घातल्या. वर तिसरा ब्रेक बसवला. लिफ्टची चाचणी माणसं बसवून करत नाहीत, सव्वापट वजन ठेवून करतात. चष्मेकाका अडुसष्ट किलोंचे. बाबांनी बेकरीतून पिठाची पोती आणली, मागच्या गादीवर पंच्याऐंशी किलो बांधले आणि अख्खी गल्ली बघत असताना ते पीठ टेकडीवरून खाली आणलं. नऊ वेळा. नवव्या वेळी एक पोतं फाटलं आणि बाबा घरी आले तेव्हा आईने त्यांना ओळखलं नाही.

रविवारी सकाळी सगळे टेकडीच्या माथ्यावर जमले. हवा गार, रस्ता कोरडा. डॉक्टरांना बाबांनी आणि काकांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अरे, मग आधी सांगायचं नाही का? काय?" आणि नाक शिंकरलं. पण सायकल बघितल्यावर त्यांना राहवेना. "हा तर टांगा आहे. खाली पोचलो की मी तुमच्यासाठी चहा सांगून ठेवतो. थंड झाला की या."

मी डॉक्टरांना सांगणार होते, की वजन जवळजवळ दुप्पट झालं तरी वाऱ्याचा विरोध दुप्पट होत नाही, कारण मागचा माणूस पुढच्याच्या आडोशाला असतो. तेव्हा गणिताप्रमाणे उतारावर ही सायकल त्यांच्यापेक्षा साधारण पंचमांशाने जास्त वेगात जाईल. पण ते उत्तराला थांबत नाहीत. निघाले.

बाबा पुढे बसले. काका मागे. "मी पुढे बसलो असतो तर वजनाचा तोल बरा राहिला असता," काका म्हणाले.

"बस."

"मागे करायचं काय?"

"पाय मार."

"आणि?"

"गप्प बस."

बाईंची शिट्टी वाजली आणि ते सुटले. सुरुवातीला बाबा सारखे ब्रेक दाबत होते. तीन महिने ताशी बाराने उतरून त्यांची खरोखरच सवय गेली होती. पहिल्या वळणाला त्यांचे खांदे कानांपर्यंत आले होते. मी माझी सायकल घेऊन मागे होते, म्हणून मला काकांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"ब्रेक का दाबतोस?"

"वळण आहे!"

"मग सांग ना, कुठलं?"

"उजवं!"

काका उजवीकडे झुकले. सायकल वळणातून अशी निघाली, जणू तिला रस्ता पाठ होता. "पुढे काय?" "सरळ!" "किती?" "खालपर्यंत!" "मग सोड ते ब्रेक! मला काही दिसत नाहीये, मला कसली भीती?"

बाबांनी ब्रेक सोडले. शेवटच्या सरळ पट्ट्यावर डॉक्टर हँडलवर पालथे पडून जात होते, नाक चाकाला टेकेल इतके. त्यांच्या शेजारून ती जोडसायकल गेली. माझे वडील ओठ घट्ट मिटून आणि त्यांच्या मागे चष्मेकाका तोंड आकाशाकडे करून, बसलेल्या आवाजात काहीतरी गात. नोंद नंतर बघितली. ताशी साठ पूर्णांक चार.

खाली चहाच्या टपरीपाशी डॉक्टर सगळ्यात शेवटी पोचले. माझ्याही नंतर, कारण त्यांनी मध्येच थांबून आपल्या चाकात हवा आहे का ते बघितलं होतं. "हे नियमात बसत नाही," ते म्हणाले. कुठल्या नियमात, हे त्यांना सांगता आलं नाही. बाईंनी वही काढून हॉटेलवाल्यासाठी चार हा आकडा लिहिला. बाबांच्या कपातला चहा बशीत सांडत होता. काकांनी चाचपडत त्यांच्या हातातला कप धरला आणि ते पिऊन होईपर्यंत धरून ठेवला.

"वर गेल्यावर चारी बाजूंना समुद्र दिसतो ना?" काकांनी मला विचारलं.

"हो."

"तो मला याने सांगायचा. चढावर वेळ असतो. उतारावर रस्ता, चढावर समुद्र. पण नीट सांगायचं, बाबा रे. नुसतं 'पाणी आहे' म्हणायचं नाही."

बाबांनी मान हलवली, मग काकांना ती दिसली नसेल हे लक्षात येऊन म्हणाले, "बरं."

*

निघायला आता अकरा दिवस आहेत. बाबा बिजागऱ्यांकडे फिरकलेले नाहीत. ते सकाळी उठून खिडकीशी खुर्ची ओढून बसतात आणि सराव करतात. आयुष्यभर लिफ्टच्या विहिरीत काम केलेल्या माणसाला वर्णन करायची सवय नसते. तिथे चारी बाजूंना भिंतच. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "समोर छप्पर आहे." थोडा विचार करून, "तांबडं." काल मात्र त्यांनी त्याच छपराला दहा मिनिटं दिली. त्यावरचं दहिवर आधी उन्हाच्या बाजूने कसं जातं, चिमणीच्या सावलीत शेवटपर्यंत कसं टिकतं, आणि तिथे एक कावळा येऊन कसा पाय गार होतील म्हणून एकेक उचलतो.

"निळा सोडून समुद्राला आणखी काय म्हणतात गं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, ते उन्हावर आणि खोलीवर अवलंबून असतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

आज सकाळी आई मशीनवर बसली होती आणि बाबा तिच्या मागे उभे होते. "हिरवा पडदा," ते हळू आवाजात सांगत होते, "कडेला चुण्या, सुई खाली, सुई वर, धागा जरा सैल, पुढे वळण येतंय, डावं..."

आईने पाय काढून मशीन थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तो हॉटेलवाला यांना आठवडाभर आधी ठेवून घेईल का गं?"